माणशी एक बाटली

घरचं काहीतरी बरोबर घेतल्याशिवाय आपल्या भागातल्या माणसाचा प्रवास सुरू होत नाही. बेळगावच्या पाहुण्याच्या पिशवीत कुंद्याचा डबा असतो, निपाणी-चिक्कोडीकडच्या माणसाच्या गाठोड्यात कडक रोट्टी आणि शेंगाची चटणी. हॉटेलात उतरलो तरी आपला डबा आधी उघडतो. वेटर रागाने बघतो, आपण त्याला दोन चहा सांगतो आणि मामला मिटतो.

पण डब्याऐवजी बाटली असेल तर? आणि हॉटेलाऐवजी समुद्रात चाललेलं बारा-चौदा मजल्यांचं जहाज असेल तर?

हा प्रश्न आमच्या घरात गेल्या वर्षी खरोखरच उभा राहिला. माझ्या नणंदेचा मुलगा हॉटेल मॅनेजमेंट शिकून एका परदेशी क्रूझ कंपनीत लागला. गोव्यातल्या घराघरांतली मुलं जहाजावर जातात हे आपल्याला ठाऊक आहे. आता बेळगाव-खानापूरकडची मुलंही त्या वाटेने जाऊ लागली आहेत. कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांना कंपनी सवलतीत तिकीट देते. वन्सं आणि दाजींच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. मुलाने परस्पर तिकिटं काढली आणि फोनवर सांगून टाकलं, "आई, आता नाही म्हणू नका."

तयारी सुरू झाली. औषधं, स्वेटर, लोणचं यांची यादी झाल्यावर दाजींनी हळूच विचारलं, "आणि एक वाइनची बाटली घेतली तर चालते काय रे?" भाच्याने नियम सांगितले, ते ऐकून आम्ही सगळेच चकित झालो.

बहुतेक मोठ्या परदेशी कंपन्यांचा नियम साधारण असा. प्रत्येक प्रौढ प्रवाशाला ७५० मिलिलिटरची एक वाइन किंवा शॅम्पेनची बाटली बरोबर नेता येते. ती कारखान्यातून आली तशी सीलबंद हवी. पहिल्या दिवशी जहाजावर चढतानाच न्यायची आणि हातातल्या बॅगेत ठेवायची, मोठ्या सामानात नाही. व्हिस्की, रम, जिन यांना मज्जाव. केबिनमध्ये बसून घेतली तर सहसा वेगळे पैसे नाहीत. जेवणाच्या सभागृहात नेऊन उघडायला सांगितली, तर अनेक कंपन्या 'कॉर्केज' घेतात, म्हणजे बूच काढून, पेले मांडून, वाढण्याचे पैसे. ते सर्रास पंधरा-वीस डॉलरच्या घरात असतात. वाटेतल्या बंदरात दारू विकत घेतली, तर ती चढतानाच ताब्यात घेऊन नावाची चिठ्ठी लावून ठेवतात आणि प्रवास संपताना परत देतात. कंपनीगणिक तपशील बदलतो, काही कंपन्या काहीच नेऊ देत नाहीत. म्हणून तिकिटाबरोबरचा कागद वाचायलाच हवा.

यामागचं गणित साधं आहे. तिकीट स्वस्त ठेवायचं आणि जहाजावर चढलेल्या माणसाने पेय, खरेदी, सहली यांवर केलेल्या खर्चातून कमवायचं, हा या धंद्याचा पाया. त्यात पेयांचा वाटा मोठा. दुसरं कारण सुरक्षेचं. भर समुद्रात नशेतला माणूस कठड्यावर चढला, तर पोलीस ठाणं नाही की शेजारी नाही. बारमधल्या माणसाला कुणाला किती दिली हे कळतं आणि तो थांबवू शकतो. केबिनमध्ये दडवलेल्या बाटलीचा हिशेब कुणाकडेच नसतो. तरीही लोक दडवतातच. भाचा सांगत होता, तोंड धुण्याच्या औषधाच्या बाटलीत रंग मिसळलेलं मद्य, शाम्पूच्या बाटलीत रम, असे प्रकार क्ष-किरण यंत्राखाली नेहमी सापडतात. पैसेवाले, शिकलेले, पांढऱ्या केसांचे लोक! मग बाटली जाते आणि चारचौघांत मान खाली जाते, ती वेगळीच.

हे ऐकताना मला मात्र जहाज दिसत नव्हतं. मला आपल्या भागातले नाके दिसत होते.

मी इतिहास शिकवते. माझं माहेर कागलकडचं आणि सासर निपाणीचं. बसने अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर. माहेरी मराठी, सासरी कन्नड. मुलं आजीशी एका भाषेत भांडतात आणि माझ्याशी दुसऱ्या. भाषेची अडचण आम्हाला कधी आली नाही, पण बाटलीची येते. कारण आपल्या राज्यघटनेने मद्याचा विषय राज्यांकडे सोपवला आहे आणि आपण तीन राज्यांच्या सांध्यावर राहतो. कागलात चालतो तो १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात तो. निपाणीत १९६५ चा अबकारी कायदा, तोही म्हैसूर राज्याच्या काळातला. आणि चोर्ला घाट उतरून साखळीला गेलं की १९६४ चा गोव्याचा अबकारी कायदा. महाराष्ट्रात कायद्याचं नाव अजूनही 'दारूबंदी' आहे आणि पिणाऱ्याने परवाना घ्यायचा असतो. तो परवाना दिला जातो आरोग्य टिकवण्यासाठी! वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात.

गंमत अशी, की बेळगाव जिल्हा एके काळी या दारूबंदीतच होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना होईपर्यंत आपण मुंबई राज्यात होतो आणि मुंबई राज्यात १९५० पासून कडक दारूबंदी. घाटाखाली मात्र पोर्तुगीजांचा गोवा, तिथे काजूची फेणी, माडाची फेणी, युरोपातून आलेली वाइन, सगळं मोकळं. रेल्वेने येणाऱ्याची झडती दोनदा व्हायची, कुळ्याला पोर्तुगीजांची आणि कॅसलरॉकला आपल्याकडची. १९५५ मध्ये गोव्याची नाकेबंदी झाली आणि ही गाडीच थांबली. आमचे आजोबा सांगायचे, कॅसलरॉकला गाडी थांबली की डब्यातली बायकामंडळी अंगावरची लुगडी सावरून बसायची, कारण गाठोड्याच्या तळाशी कुणी काय ठेवलंय हे त्यांनाच माहीत नसायचं.

मुंबई-पणजी बोटीचंही तसंच. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला करत ती बोट जायची. आपल्या भागातले जुने लोक वेंगुर्ल्याला उतरून घाट चढून बेळगावला यायचे. बोटीवर प्रत्येकाची स्वतःची वळकटी, स्वतःचा तांब्या, स्वतःची भाकरी. चाकरमान्यांच्या त्या बोटी १९८० च्या दशकाअखेर बंद पडल्या. मुंबई-गोवा समुद्रमार्गावर २०१८ मध्ये आंग्रिया नावाची बोट सुरू झाली, २०२१ मध्ये कॉर्डेलिया क्रूझेसचं जहाज मुंबईहून निघू लागलं. आता वळकटीच्या जागी पोहण्याचा तलाव आणि तांब्याच्या जागी बार. समुद्र तोच आणि बॅग तपासणाराही आहेच.

आता एक घरची गोष्ट सांगते. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या चुलत दिराचं लग्न गोव्यात झालं. मुलगी तिकडची, माणसं प्रेमळ, रुखवत डोळे दिपवणारं. परतीची बस रात्री घाट चढून आली आणि एका नाक्यावर थांबवली गेली. तपासणाऱ्याने सरळ रुखवताच्या टोपल्यांना हात घातला. लाडूंच्या खाली चार बाटल्या. प्रत्येकीवर छापलेलं, 'फक्त गोव्यात विक्रीसाठी'. कुणी ठेवल्या ते विचारल्यावर सगळे पुरुष बसच्या टपाकडे पाहू लागले. नवरी, तिच्या बरोबर आलेली पाठराखीण, आमच्या अत्ती, मी, सगळ्या बायका रात्री एक वाजता रस्त्यावर उभ्या. तपासणारे त्यांचं काम करत होते, त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. पंचनामा, सह्या, दंड यांत पहाट झाली. गृहप्रवेशाचा मुहूर्त टळला.

ती जाऊ आता आमच्यात छान रुळली आहे, कन्नड माझ्यापेक्षा चांगलं बोलते. पण एकदा भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "अक्का, माझ्या आईनं रात्र रात्र जागून केलेले लाडू होते ते. रस्त्यावर सांडलेले बघितले ना मी." बाटल्या ठेवणाऱ्याने पुढे जावेची माफी मागितली की नाही, मला माहीत नाही. त्याच्या लेखी ती चार बाटल्यांची गोष्ट होती आणि दंड भरून संपली होती.

आमच्या अत्तींचा, म्हणजे सासूबाईंचा, या विषयावरचा कायदा यापूर्वीपासूनचा आणि एका ओळीचा. "मनी ओळग ब्याड." घरात नको. त्याला कारण होतं. त्यांच्या थोरल्या भावाने तंबाखूचे पैसे हातात आले की आठ-आठ दिवस घर बघितलं नाही. जमीन गेली, मग तो गेला. माहेरचं दार बंद झालं ते दारूने, म्हणून सासरच्या दारातून ती आत येणार नाही, असं त्यांनी ठरवलं आणि चाळीस वर्षं पाळायला लावलं. सासऱ्यांची, दिरांची, कुणाची छाती झाली नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला या नियमाचा आधार वाटला. आजही वाटतो. पण इतक्या वर्षांत दुसरी बाजूही पाहिली. घरात नको म्हणजे प्यायची नाही, असं पुरुषांनी कधी मानलंच नाही. त्यांनी अर्थ घेतला, बाहेर प्या. मग हायवेवरचा धाबा, शेतातली खोली, मित्राची गाडी. आणि लपून आणलेल्या बाटलीची एक अडचण असते, ती ठेवायला जागा नसते. कपाटात ठेवता येत नाही, फ्रीजमध्ये ठेवता येत नाही, उद्यासाठी राखता येत नाही. म्हणून ती त्याच बैठकीत संपवावी लागते. एका धाकट्या दिराने अशीच एक 'संपवली' आणि मोटारसायकलवरून घरी यायला निघाला. पायात रॉड घातला आहे, पावसाळ्यात अजून दुखतो.

सरकारचे अनुभव काही निराळे नाहीत. कर्नाटकने १ जुलै २००७ पासून सारायीवर बंदी घातली. सारायीची पाकिटं गेली, पिणारे दुसऱ्या दुकानाकडे वळले. गुजरातेत दारूबंदी आहे आणि तिथे विषारी दारूने माणसं मेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. याउलट महाराष्ट्रात गावच्या बायकांना मतदानाने दुकान बंद करता येतं. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी. निम्म्याहून अधिक मतदार महिलांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. माझ्या आईच्या पिढीच्या बायका 'बाटली आडवी केली' हे शब्द केवढ्या अभिमानाने उच्चारतात! दुकान बंद करण्याचा तो हक्क मोलाचा आहे. पण घरातल्या बाटलीसाठी मतपत्रिका नसते. तिथे एकट्या अत्तींचा हुकूम आणि बाकीच्यांची पळवाट.

म्हणून दाजींनी बाटलीचा विषय काढल्यावर वन्संनी जे केलं ते मला महत्त्वाचं वाटतं. त्या नवऱ्याला 'बघू' म्हणाल्या नाहीत, आईपासून लपवलंही नाही. रविवारी निपाणीला आल्या, आईसमोर बसल्या आणि जहाजाचा सगळा नियम कन्नडमध्ये समजावून सांगितला. माणशी एक, सीलबंद, हातात, दाखवून.

आम्हाला वाटलं, आता स्फोट. अत्तींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दाखवून न्यायची? अधिकाऱ्याला?"

"हो. आणि टेबलावर उघडायची तर वेगळे पैसे द्यायचे."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

अत्ती थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तोर्स्री, मुच्चिडब्याड्री." दाखवा, झाकून ठेवू नका. आणि लगेच बजावलं, की हे जहाजाचं आहे, घराचं नाही. घराचा नियम तोच.

मग बाटली कोणती, यावर चर्चा झाली. नाशिकची घ्यावी तर ती कोल्हापुरात मिळणार आणि कर न भरता, परवान्याशिवाय सीमा ओलांडून निपाणीत आणणं म्हणजे पुन्हा रुखवताचीच गोष्ट. गोव्याची तर नकोच. शेवटी दाजी म्हणाले, आपल्या राज्याची घेऊ. आपल्याकडे अथणीपासून विजापूरपर्यंत द्राक्षाचे मळे आहेत, पण आपल्याला त्यातला बेदाणाच ठाऊक. महाराष्ट्राने २००१ मध्ये आणि कर्नाटकाने २००७ मध्ये द्राक्षप्रक्रिया आणि वाइनचं धोरण आणलं, ते द्राक्षवाल्या शेतकऱ्याला दुसरं गिऱ्हाईक मिळावं म्हणूनच. दाजींनी बेळगावातल्या दुकानातून कर्नाटकात तयार झालेल्या दोन बाटल्या घेतल्या, पावती घेतली आणि पावती पासपोर्टबरोबर ठेवली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी बाटलीची पावती जपली असेल. विमानात त्या मोठ्या सामानात कपड्यांत गुंडाळून गेल्या आणि बंदरावर हातातल्या पिशवीत आल्या.

परत आल्यावर वन्संनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनात राहिली. लग्नाच्या वाढदिवशी रात्री त्यांनी एक बाटली जेवणाच्या टेबलावर नेली. मुलगा दुसऱ्या बाजूच्या टेबलांवर कामाला होता, आईबापांबरोबर बसायची त्याला परवानगी नव्हती. लांबून बघून हसत होता. कॉर्केजची सही झाली. दाजींनी एक पेला घेतला, वन्संनी घोटभर चव बघून तोंड वाकडं केलं. बाटली अर्ध्याहून जास्त शिल्लक. दाजी सवयीने दुसरा पेला भरायला निघाले, तेवढ्यात वाढणाऱ्या मुलाने विचारलं, "उद्यासाठी ठेवू का?" त्याने बूच लावलं, खोलीच्या नंबरची चिठ्ठी डकवली आणि बाटली घेऊन गेला. दुसऱ्या रात्री तीच बाटली, तेवढीच भरलेली, टेबलावर हजर. ती तीन रात्री पुरली.

"तीन रात्री!" वन्सं सांगत होत्या. "पंचवीस वर्षांत ह्यांनी उघडलेली बाटली दुसऱ्या दिवशी मी कधी बघितली नव्हती." दाजी बाजूलाच बसले होते. ते काही बोलले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत.

मी वाइनची भलामण करत नाही. मद्याचं सुरक्षित असं कोणतंच प्रमाण नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. आमच्या घरात आजही येत नाही आणि अत्ती आहेत तोवर येणार नाही. ज्या घरात दारूने माणूस खाल्ला आहे, तिथे 'नको' हाच नियम योग्य आणि त्याबद्दल कुणी वाद घालू नये. प्रश्न त्या 'नको'नंतरचा आहे. आपल्या घरचा पुरुष बाहेर घेतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण कुठे, किती आणि गाडी कोण चालवतं, हे विचारायची सोय नसते. विचारलं तर नियम मोडला हे मान्य करावं लागतं. म्हणून सासू विचारत नाही, बायको विचारत नाही, आणि मुलगा शिकतो की ही लपवायची गोष्ट आहे.

माझ्या वर्गात अठरा-वीस वर्षांची मुलं बसतात. त्यांतली काही उद्या बंगळूरला, पुण्याला, काही जहाजावर जातील. जहाजावर कर्मचाऱ्यांचीही मद्याची चाचणी होते, भाचा सांगतो. प्रमाणाबाहेर सापडला की नोकरी गेली. तिथे त्यांच्यासमोर बाटली येईल तेव्हा घरचा कोणता अनुभव त्यांच्या कामी येणार? टपाकडे पाहणाऱ्या पुरुषांचा, की आईसमोर बसून नियम वाचून दाखवणाऱ्या वन्संचा? मुलांशी या विषयावर एकदा तरी मोकळेपणाने बोलावं, मराठीत म्हणा, कन्नडमध्ये म्हणा.

आणि क्रूझला निघणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण आपल्या भागातून जाणारे आता वाढले आहेत. कंपनीचा नियम आधी वाचा. वाटेतल्या देशाचा नियमही बघा. घरी केलेली वाइन नेऊ नका, ती सीलबंद समजली जात नाही. पावती ठेवा. परदेशातून येताना माणशी दोन लिटरपर्यंत मद्य कर न भरता आणता येतं, त्याहून जास्त असेल तर जाहीर करा. आणि लोणच्याची बरणी मात्र घट्ट बांधा. वन्संची फुटली, आणि दाजींचा एकुलता एक कोट अजून कैरीच्या फोडींचा वास देतो.